मोटारसायकल वळवण्याचे तंत्र

मोटारसायकल वळवण्याचे तंत्र म्हणजे चालत्या मोटारसायकलचा वेग, झुकाव आणि मार्ग यांवर नियंत्रण ठेवून रस्त्याचे वळण सुरक्षितपणे पार करण्याची पद्धत होय. चारचाकी वाहन पुढची चाके फिरवून वळते. मोटारसायकल मात्र मुख्यतः वळणाच्या आतील बाजूस झुकून वळते. या फरकामुळे चारचाकी चालवण्याचा अनुभव मोटारसायकल वळवताना फारसा उपयोगी पडत नाही. नवख्या चालकाला सरळ रस्त्यावर गाडी चालवणे थोड्याच दिवसांत जमते. वळणावर झुकण्याची भीती मात्र बराच काळ टिकून राहते.

या तंत्रात नजरेची दिशा, वळणापूर्वी वेग कमी करणे, हँडलवरील दाब, थ्रॉटलचा वापर आणि शरीराची बैठक या घटकांचा समावेश होतो. वळणावरील आत्मविश्वास हा धाडसाचा भाग नसून हे घटक सवयीचे झाल्यावर येणारा परिणाम आहे. वळणात शिरताना वेग आटोक्यात असलेल्या चालकाकडे अनपेक्षित अडथळा आल्यास थांबण्याचा किंवा मार्ग बदलण्याचा पर्याय शिल्लक राहतो.

भौतिकशास्त्रीय आधार

झुकाव

वळणावर जाणाऱ्या वाहनाला वळणाच्या केंद्राकडे ओढणारे केंद्राभिमुख बल लागते. हे बल टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. हे बल जमिनीलगत लागू होते, तर गाडी व चालक यांचा गुरुत्वमध्य त्याच्या बराच वर असतो. त्यामुळे सरळ उभी असलेली दुचाकी वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलंडू पाहते. ती आतल्या बाजूला झुकवली की गुरुत्वाकर्षणाचा परिणाम या कलंडण्याला तोलून धरतो. वेग जितका जास्त आणि वळणाची त्रिज्या जितकी कमी, तितका आवश्यक झुकाव अधिक असतो. झुकाव वेगाच्या प्रमाणात नव्हे, तर मुख्यतः वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, ही यातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर वेगवेगळ्या वेगांना लागणारा झुकाव गणिताने पुढीलप्रमाणे येतो :

ताशी ४० किमी – सुमारे १४ अंश
ताशी ५० किमी – सुमारे २१ अंश
ताशी ६० किमी – सुमारे ३० अंश
ताशी ७० किमी – सुमारे ३८ अंश
ताशी ८० किमी – सुमारे ४५ अंश

टायरला रुंदी असल्यामुळे प्रत्यक्षातील झुकाव या आकड्यांपेक्षा थोडा अधिक असतो. ताशी ४० किमीऐवजी ६० किमी वेगाने तेच वळण घेतल्यास वेग दीडपट होतो, पण टायरवर पडणारी बाजूच्या पकडीची मागणी सव्वादोन पट होते. वळणावर वेगाचा अंदाज थोडासा चुकला तरी परिणाम मोठा का होतो, याचे उत्तर या गणितात आहे. मोटोजीपीसारख्या शर्यतींतील चालक ६० अंशांहून अधिक झुकतात. परंतु त्यासाठी खास टायर, तापलेले रबर आणि स्वच्छ, परिचित मार्ग लागतो. सार्वजनिक रस्त्यावर यांपैकी काहीही गृहीत धरता येत नाही.

काउंटर-स्टिअरिंग

सायकल किंवा मोटारसायकल झुकवण्यासाठी हँडल क्षणभर वळणाच्या विरुद्ध दिशेने फिरवावे लागते. या क्रियेला काउंटर-स्टिअरिंग असे म्हणतात. उजवीकडे वळण्यासाठी हँडलची उजवी मूठ पुढे दाबली असता पुढचे चाक किंचित डावीकडे वळते. टायरचा जमिनीला टेकलेला भाग डावीकडे सरकतो, पण वरचे वजन तसेच पुढे जात राहते आणि गाडी उजवीकडे झुकते. त्यानंतर पुढच्या चाकाच्या रचनेमुळे ते आपोआप उजवीकडे वळते आणि गाडी वळण घेऊ लागते. ज्या बाजूला जायचे त्या बाजूची मूठ दाबायची, असे या क्रियेचे सोपे सूत्र आहे.

ताशी साधारण २० किमीच्या पुढे हा परिणाम स्पष्टपणे जाणवतो. पायी चालण्याच्या वेगात, उदाहरणार्थ पार्किंगमध्ये गाडी फिरवताना, हँडल वळायच्या दिशेनेच फिरवले जाते. बहुतेक चालक काउंटर-स्टिअरिंग नकळत करत असतात. ती जाणीवपूर्वक करता येणे आणीबाणीच्या प्रसंगी निर्णायक ठरते. रस्त्यावर अचानक खड्डा किंवा जनावर आल्यास केवळ अंग झुकवून गाडी पुरेशा लवकर बाजूला जात नाही. मूठ दाबल्यावर ती तत्काळ दिशा बदलते.

टायरची पकड

टायरकडे उपलब्ध असलेली एकूण पकड मर्यादित असते. तीच पकड वळण्यासाठी, ब्रेक लावण्यासाठी आणि वेग वाढवण्यासाठी वाटून वापरावी लागते. ही वाटणी साध्या बेरीज-वजाबाकीची नसून वर्तुळाच्या नियमाने होते. वळण्यासाठी ६० टक्के पकड वापरली असेल, तर ब्रेकसाठी सुमारे ८० टक्के उपलब्ध राहते. वळण्यासाठी ८० टक्के वापरली, तर ब्रेकसाठी सुमारे ६० टक्के उरते. वळण्यासाठीच ९५ टक्के वापरली गेली, तर ब्रेकसाठी जेमतेम ३१ टक्के शिल्लक राहते.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. मध्यम झुकावात हळुवारपणे ब्रेक लावता येतो. वळणावर ब्रेकला स्पर्श होताच गाडी पडते ही समजूत बरोबर नाही. मात्र पकडीच्या सीमेजवळ झुकलेली गाडी ब्रेकचा किंवा थ्रॉटलचा कोणताही अचानक धक्का सहन करू शकत नाही. ओल्या, वाळू पसरलेल्या किंवा तेलकट रस्त्यावर एकूण पकडच घटते आणि ही सीमा अपेक्षेपेक्षा लवकर येते.

इतिहास

दुचाकी वाहन वळण्यापूर्वी हँडल विरुद्ध दिशेने का फिरवावे लागते, याची चर्चा मोटारसायकलच्या शोधापूर्वीपासून चालू आहे. स्कॉटिश अभियंते विल्यम जॉन मॅक्वॉर्न रँकिन यांनी १८६९ मध्ये तत्कालीन व्हेलोसिपीड या दुचाकीच्या गतीविषयी लिहिताना या क्रियेचे वर्णन केले. केंब्रिज येथील फ्रान्सिस व्हिपल यांनी १८९९ मध्ये सायकलच्या गतीची समीकरणे मांडली. विमानाच्या संशोधनापूर्वी सायकलचा व्यवसाय करणारे विल्बर राइट यांनीही ही गोष्ट हेरली होती. वळताना आपण हँडल आधी उलट दिशेला फिरवतो, हे बहुतेक सायकलस्वारांच्या ध्यानात नसते, असे त्यांना आढळले. चालती सायकल स्वतःहून तोल कसा सांभाळते, याचे श्रेय दीर्घकाळ फिरत्या चाकांच्या जायरोस्कोप परिणामाला दिले जात असे. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हा परिणाम जवळजवळ नाहीसा केलेली सायकलही तोल सांभाळू शकते, असे दाखवण्यात आले.

१९७० च्या दशकात फिनलंडचे यार्नो सारिनेन आणि त्यानंतर अमेरिकेचे केनी रॉबर्ट्स यांच्यामुळे गाडीच्या आतील बाजूस शरीर झुकवून, गुडघा रस्त्याजवळ नेऊन वळण घेण्याची शैली शर्यतींत रूढ झाली. अमेरिकेत १९७३ मध्ये मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनची स्थापना झाली आणि नवख्या चालकांसाठी पद्धतशीर अभ्यासक्रम तयार झाले. कीथ कोड यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल सुरू केले. 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' या त्यांच्या पुस्तकमालेत वळणावर घाबरलेल्या चालकाकडून होणाऱ्या अनैच्छिक क्रियांचे सविस्तर विश्लेषण आहे. त्यांच्या प्रशिक्षणकेंद्राने गाडीच्या चौकटीला न हलणारे जादा हँडल जोडलेली एक प्रात्यक्षिक मोटारसायकलही तयार केली. त्या हँडलला धरून केवळ अंग झुकवल्यास गाडी नीट वळत नाही, हे चालकाला स्वतः अनुभवता येते.

वळणावरील अपघात

सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली झालेला आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल मोटारसायकल अपघातांच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० अपघातांची प्रत्यक्ष जागेवर तपासणी आणि पोलिसांकडील ३,६०० अहवालांचा अभ्यास यांवर तो आधारलेला आहे. दुसऱ्या वाहनाचा संबंध नसलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश अपघातांना चालकाची चूक कारणीभूत होती. अतिरिक्त ब्रेक लावल्याने गाडी घसरणे आणि जास्त वेगामुळे किंवा पुरेसे न झुकल्यामुळे वळणाच्या बाहेर जाणे, या त्यातील ठळक चुका होत्या. अपघातग्रस्त चालकांपैकी सुमारे ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते.

पुरेसे न झुकणे हे कारण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. गाडीची झुकण्याची क्षमता शिल्लक असतानाही चालक झुकायला धजत नाही, ताठरतो आणि सरळ बाहेर जातो. अशा वेळी यंत्राची सीमा संपण्यापूर्वीच चालकाची सीमा संपलेली असते.

भीतीच्या प्रतिक्रिया

वळण अपेक्षेपेक्षा तीव्र निघाले की मनुष्य स्वाभाविकपणे ज्या प्रतिक्रिया देतो, त्यांपैकी बहुतेक मोटारसायकलच्या बाबतीत अपायकारक ठरतात.

नजर खिळणे : चालक ज्या वस्तूला घाबरतो तिच्याकडेच पाहत राहतो आणि गाडी त्याच दिशेने जाते. कठडा, समोरून येणारा ट्रक किंवा रस्त्याकडेचा दगड यांवर नजर खिळल्याने, शेजारी मोकळी जागा असूनही धडक होऊ शकते.

हात ताठरणे : दोन्ही मुठी घट्ट धरल्यामुळे एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूच्या दाबाला विरोध करतो आणि गाडी वळेनाशी होते. रस्त्यावरील लहानसहान धक्केही थेट हँडलवर येतात.

थ्रॉटल अचानक सोडणे : वजन एकदम पुढच्या चाकावर येते, पुढचे सस्पेन्शन दबते, गाडीची जमिनीपासूनची उंची कमी होते आणि मार्ग अस्थिर होतो.

ब्रेक आवळणे : झुकलेल्या अवस्थेत पुढचा ब्रेक झटक्याने दाबल्यास चाक घसरू शकते. चाक न घसरल्यास गाडी सरळ उभी राहू पाहते आणि वळणाच्या बाहेर जाते.

या प्रतिक्रिया इच्छाशक्तीने थांबवता येतातच असे नाही. त्या उद्भवू नयेत इतका कमी वेग ठेवणे आणि योग्य क्रियांचा सराव करणे, हे त्यांवरील परिणामकारक उपाय आहेत.

वळण घेण्याच्या पायऱ्या

मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासक्रमात वळणाची क्रिया चार टप्प्यांत शिकवली जाते : वेग कमी करणे, पाहणे, मूठ दाबणे आणि थ्रॉटल उघडणे.

वेग कमी करणे

ब्रेक लावणे आणि योग्य गिअर टाकणे ही कामे शक्यतो गाडी सरळ असतानाच पूर्ण करावीत. दोन्ही ब्रेक एकत्र, क्रमाक्रमाने दाब वाढवत वापरावेत. अपरिचित वळणात प्रवेश करताना वेग आवश्यकतेपेक्षा कमी ठेवणे केव्हाही हिताचे असते. कमी वेगाने शिरलेल्या चालकाला वळणातून बाहेर पडताना वेग वाढवता येतो. जास्त वेगाने शिरलेल्याला मात्र झुकलेल्या गाडीवर वेग घटवावा लागतो. अनुभवी चालक वळणात शिरतानाही पुढच्या ब्रेकचा दाब हळूहळू कमी करत नेतात. ट्रेल ब्रेकिंग नावाचे हे तंत्र प्राथमिक कौशल्ये पक्की झाल्यानंतर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली शिकावे.

पाहणे

चालकाने डोके वळवून वळणाच्या शेवटाकडे, म्हणजे जिथे जायचे आहे तिथे पाहावे. वळणावर रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात. ब्रिटिश पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात या बिंदूला विशेष महत्त्व दिले जाते. हा दृष्टिमर्यादेचा बिंदू चालकापासून दूर सरकत असेल, तर वळण मोकळे होत आहे. तो जवळ येत असेल, तर वळण अधिक तीव्र होत आहे आणि वेग कमी करणे आवश्यक आहे. जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्या अंतरात आपल्या बाजूने थांबता येईल इतकाच वेग असावा, हा त्यामागील मूळ नियम आहे.

एक सेकंद प्रतिक्रियेचा काळ आणि दर सेकंदाला सेकंदी ६ मीटरने वेग कमी करणारा ब्रेक गृहीत धरल्यास ताशी ४० किमी वेगाने जाणाऱ्या गाडीला थांबण्यासाठी सुमारे २१ मीटर, तर ताशी ६० किमी वेगाला सुमारे ४० मीटर अंतर लागते. हा हिशेब सरळ, कोरड्या रस्त्याचा आहे. झुकलेल्या गाडीवर किंवा पावसात हे अंतर वाढते.

मूठ दाबणे

वळायच्या बाजूची मूठ हलकेच पुढे दाबून गाडी झुकवावी. गाडी हव्या त्या मार्गावर आली की दाब सैल सोडावा. कोपरे किंचित वाकलेली, खांदे मोकळे, गुडघे पेट्रोलच्या टाकीला टेकलेले आणि पावले फूटरेस्टवर स्थिर असावीत. शरीराचा भार पायांनी व कमरेने पेलल्यास हात मोकळे राहतात. वळणाच्या मध्यावर गाडी बाहेर जात आहे असे वाटल्यास नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवून आतील मूठ आणखी दाबणे, हा पहिला उपाय आहे.

थ्रॉटल उघडणे

झुकाव स्थिर झाल्यावर थ्रॉटल किंचित उघडून तो वळणाच्या शेवटापर्यंत एकसारखा व हळुवारपणे वाढवत न्यावा. यामुळे वजन पुढच्या व मागच्या चाकांवर योग्य रीतीने वाटले जाते आणि सस्पेन्शनला काम करायला वाव मिळतो. वळणाच्या मध्यावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडणे टाळावे.

शरीराची बैठक

सर्वसाधारण रस्त्यावर चालकाचे शरीर गाडीच्याच रेषेत झुकलेले असावे. शरीर गाडीपेक्षा किंचित आत नेल्यास त्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते. ओल्या रस्त्यावर याचा उपयोग होतो. अतिशय कमी वेगात, अरुंद जागेत गाडी फिरवताना उलट गाडी आत झुकवून शरीर बाहेरच्या बाजूला ठेवले जाते. अशा वेळी हाफ क्लच, स्थिर थ्रॉटल आणि मागच्या ब्रेकचा हलका वापर करतात. हँडल पूर्ण वळलेले असताना पुढचा ब्रेक लावल्यास गाडी जागेवर कलंडण्याचा धोका असतो.

मागे बसलेल्या व्यक्तीमुळे गुरुत्वमध्य बदलतो आणि थांबण्याचे अंतर वाढू शकते. त्या व्यक्तीने वळणावर चालकाबरोबरच झुकणे अपेक्षित असते. तिने घाबरून विरुद्ध बाजूला अंग टाकल्यास मार्ग बिघडतो. नवख्या चालकाने वळणांचा सराव प्रथम एकट्यानेच करणे योग्य ठरते.

रस्त्यावरील मार्ग

वळणाच्या बाहेरच्या बाजूने प्रवेश करून, आतल्या कडेला स्पर्श करून पुन्हा बाहेरच्या बाजूला जाणे, ही शर्यतीतील प्रचलित रेषा आहे. यात वळणाची त्रिज्या मोठी होते. सार्वजनिक रस्त्यावर ही रेषा केवळ स्वतःच्या मार्गिकेपुरतीच आणि दृश्यमानता व सुरक्षित अंतर यांना प्राधान्य देऊन वापरता येते. आतल्या कडेला घाईने जाण्याऐवजी वळणाचा शेवट दिसेपर्यंत बाहेरच्या बाजूला राहिल्यास पुढचा रस्ता अधिक दिसतो आणि वळणातून बाहेर पडताना गाडी फाकत नाही.

भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. डाव्या वळणावर गाडी बाहेर फाकल्यास ती समोरून येणाऱ्या वाहनांच्या मार्गात जाते. उजव्या वळणावर बाहेर फाकल्यास ती डाव्या कडेच्या मातीत, गटारात किंवा दरीच्या बाजूला जाते. उजव्या वळणावर आणखी एक धोका असतो : चाके मधल्या रेषेच्या अलीकडे असली, तरी झुकलेल्या चालकाचे डोके आणि खांदा रेषेपलीकडे जाऊ शकतो. त्यामुळे उजव्या वळणावर मधल्या रेषेपासून पुरेसे अंतर राखणे आवश्यक असते.

घाटरस्त्यांवरील वळणे

महाराष्ट्रात वळणांचे कौशल्य सर्वाधिक कसोटीला लागते ते सह्याद्रीतील घाटांत. महाबळेश्वर व पोलादपूर यांना जोडणारा आंबेनळी घाट, भोर–महाड मार्गावरील वरंध घाट, चिपळूण–कराड मार्गावरील कुंभार्ली घाट, तसेच ताम्हिणी, माळशेज आणि आंबोली हे घाट मोटारसायकलस्वारांच्या परिचयाचे आहेत. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मनाई असल्याने दुचाकीस्वार या दोन शहरांमधील प्रवासासाठी जुन्या महामार्गाचा वापर करतात.

घाटातील तीव्र, जवळजवळ उलट दिशेला वळणाऱ्या वळणांवर एसटी बस व मालवाहू ट्रक यांना संपूर्ण रस्त्याची रुंदी लागू शकते. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. म्हणून अशा वाहनाच्या आतल्या बाजूने पुढे जाण्याचा प्रयत्न अत्यंत धोकादायक असतो. आंधळ्या वळणापूर्वी हॉर्न वाजवावा आणि बहिर्गोल आरसा असल्यास त्यात पाहावे. दोन वाहनांना एकाच वेळी सुरक्षितपणे जाण्याइतकी रुंदी नसलेल्या डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्या वाहनाने चढणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे.

चढणावर गुरुत्वाकर्षणामुळे वेग आपोआप कमी होतो. मात्र वळणाच्या मध्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून आधीच खालचा गिअर टाकावा लागतो. उतारावर वजन पुढच्या चाकावर येते आणि वेग सतत वाढू पाहतो. म्हणून खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या रोधाचा उपयोग करून उतरावे. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून किंवा इंजिन बंद करून घाट उतरण्याची सवय घातक आहे. त्यामुळे वेगाचा सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि वळणात थ्रॉटलचा आधारही मिळत नाही.

पावसाळ्यात डोंगरउतारावरून वाहणारे पाणी, धबधब्यांजवळचे शेवाळ, कोसळलेले दगड, लाल मातीचा चिखल आणि धुके यांमुळे परिचित वळणही अपरिचित होते. पहिल्या पावसात रस्त्यावरील धूळ व तेलाचे अंश मिसळून निसरडा थर तयार होतो. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे ओली असताना विशेष निसरडी असतात. ट्रकमधून सांडलेले डिझेल बऱ्याचदा वळणांवरच आढळते. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेला चिखल आणि पडलेले ऊस, तर सुगीत रस्त्यावर पसरलेले पीक, यांमुळे ग्रामीण भागातील वळणांवर पकड कमी होते.

वाहनाची स्थिती आणि सुरक्षा साधने

टायरमधील हवेचा दाब उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे असणे वळणाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. दाब कमी असल्यास गाडी जड व सुस्त वळते; दाब जास्त असल्यास टायरचा रस्त्याशी संपर्क घटतो. नव्या टायरचा पृष्ठभाग सुरुवातीला गुळगुळीत असल्याने काही अंतर सावकाश चालवणे आवश्यक असते. सैल किंवा अति घट्ट स्टिअरिंग बेअरिंग आणि झिजलेले सस्पेन्शन यांमुळे गाडी वळणात डगमगते. नवखा चालक हा दोष स्वतःचा समजण्याची शक्यता असते.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या दुचाकींना एबीएस, तर त्याखालील क्षमतेच्या दुचाकींना किमान सीबीएस प्रणाली अनिवार्य करण्यात आली. एबीएस ब्रेक लावताना चाक जाम होऊ देत नाही. मात्र साधी एबीएस प्रणाली गाडीचा झुकाव मोजत नाही आणि वेगाचा चुकलेला अंदाज भरून काढू शकत नाही. झुकाव ओळखून ब्रेकचे नियमन करणारी प्रणाली २०१३ पासून काही महागड्या मोटारसायकलींवर उपलब्ध झाली.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे. भारतीय मानक आयएस ४१५१ हे हेल्मेटसाठी लागू असलेले मानक आहे. हेल्मेटचा पट्टा न बांधल्यास अपघातात ते डोक्यावरून निघून जाऊ शकते. हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि कोपर–गुडघ्यांना संरक्षण देणारे कपडे घसरून पडल्यास होणारी इजा कमी करतात.

सराव आणि आत्मविश्वास

वळणाचे कौशल्य टप्प्याटप्प्याने वाढवणे उपयुक्त ठरते. पहिला टप्पा मोकळ्या, सपाट व स्वच्छ मैदानातला असतो. त्यात सरळ रेषेत दोन्ही ब्रेक लावून थांबणे, हाफ क्लचवर अतिशय हळू चालणे, ठरावीक अंतरावर ठेवलेल्या खुणांमधून नागमोडी जाणे आणि दोन्ही दिशांना मोठे वर्तुळ काढून ते हळूहळू लहान करणे, यांचा समावेश होतो. अनेक प्रादेशिक परिवहन कार्यालयांतील चाचणीत काढावा लागणारा आठचा आकडा हाही उत्तम सराव आहे, कारण त्यात डावे व उजवे वळण लागोपाठ येते. बहुतेक चालकांना एका बाजूचे वळण दुसऱ्या बाजूपेक्षा अवघड वाटते. अवघड बाजूचा सराव जाणीवपूर्वक अधिक करावा.

दुसऱ्या टप्प्यात कमी रहदारीच्या, परिचित रस्त्यावरील काही ठरावीक वळणे सहज जमेल अशा वेगात वारंवार घेतली जातात. एका फेरीत एकाच गोष्टीकडे लक्ष दिल्यास शिकणे सोपे जाते : एकदा केवळ नजर, एकदा हातांचा सैलपणा, एकदा थ्रॉटलची एकसंधता. वेग वाढवणे हे सरावाचे उद्दिष्ट नसते. तेच वळण त्याच वेगात कमी श्रमात आणि मध्येच दुरुस्ती न करता घेता येणे, ही प्रगतीची विश्वासार्ह खूण आहे. त्यानंतरच घाटरस्ते, मागे बसलेली व्यक्ती, पाऊस आणि रात्र या अडचणी एकेक करून वाढवाव्यात.

श्वास रोखला जाणे, मनगटे दुखणे, नजर पुढच्या चाकाजवळ येणे आणि वळणात वारंवार ब्रेक लावावासा वाटणे, ही वेग क्षमतेबाहेर गेल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी सुरक्षित जागी थांबून विश्रांती घेणे किंवा वेग कमी करणे योग्य ठरते. अशी भीती म्हणजे दुबळेपणा नव्हे. चालकाजवळील राखीव क्षमता संपत आल्याची ती सूचना असते.

गटाने प्रवास करताना नवख्या चालकांवर वेगळा दबाव येतो. पुढच्या अनुभवी चालकाचा वेग गाठण्याच्या प्रयत्नात वळण स्वतः वाचण्याऐवजी पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे पाहिले जाते. पुढच्या चालकाची चूकही त्यामुळे जशीच्या तशी उचलली जाते. प्रत्येकाने आपापल्या वेगाने जावे आणि पुढच्यांनी प्रत्येक फाट्यावर मागच्यांची वाट पाहावी, असे निघण्यापूर्वीच ठरवल्यास हा दबाव कमी होतो. टायरच्या न झिजलेल्या कडांवरून चालकाचे कौशल्य जोखण्याची प्रथा काही गटांत आढळते. टायरची कड किती झिजली यावरून केवळ गाडी किती झुकली होती हे कळते. त्या वेळी थांबण्यास पुरेशी जागा होती की नाही, हे त्यावरून कळत नाही.

पडल्यानंतर किंवा थोडक्यात बचावल्यानंतर आत्मविश्वास ढासळणे स्वाभाविक आहे. त्या प्रसंगी वेग, नजर, पृष्ठभाग आणि क्रिया यांपैकी नेमके काय चुकले हे ओळखता आल्यास भीतीचे रूपांतर निश्चित सरावात करता येते. कारण न शोधता धीर एकवटून पुन्हा त्याच रस्त्यावर गेल्यास तीच चूक पुन्हा होण्याचा संभव राहतो. दीर्घ काळ अपघाताविना गाडी चालवणाऱ्यांच्या बाबतीत याच्या उलट धोका असतो. सवयीच्या रस्त्यावर वेग नकळत वाढत जातो आणि एखाद्या दिवशी त्याच वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक किंवा बसलेले गुरू असते. नेहमी मोकळे असलेले वळण आजही मोकळेच असेल असे गृहीत न धरणे, हे नवख्या व अनुभवी अशा दोन्ही चालकांना सारखेच लागू होते.

हेही पाहा

मोटारसायकल
घर्षण
केंद्राभिमुख बल
सह्याद्रीतील घाट
हेल्मेट
रस्ता सुरक्षा